सूर्य पाठीमागून उगवतो

कोकणच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. तरीही रिसॉर्टच्या माहितीपत्रकात ‘समुद्रावरचा रम्य सूर्योदय’ म्हणून जो लाल गोळा छापतात, तो हटकून संध्याकाळचा असतो. मालवणात माझा स्टुडिओ होता आणि अशा माहितीपत्रकांचे फोटो मीही काढून दिले आहेत. हा गोळा मावळतीचा आहे, असे मजकूर लिहिणाऱ्याला सांगितले की उत्तर ठरलेले: “अहो, गिऱ्हाइकाला काय कळतंय!”

आमची खरी सकाळ निराळी. सूर्य आधी सह्याद्रीमागून वर येतो, मग माडांच्या मागून. पुळणीवर माडांच्या लांबच लांब सावल्या पडलेल्या असतात. आपण त्या सावलीत कुडकुडत उभे असतो आणि समोर पाण्यात सिंधुदुर्गाचा तट उन्हात न्हाऊन निघतो. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. त्याचा दगड न् दगड मालवणातून मोजता येतो तो सकाळीच. संध्याकाळी उरते ती नुसती काळी आकृती. त्यामुळे किल्ल्याचा जुना फोटो हातात आला की मागे तारीख नसली तरी मी वेळ सांगू शकतो. तटावर ऊन असेल तर फोटो सकाळचा. दुसरी खूण पाण्याची. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, काठाजवळचे पाणी दबून राहते आणि हवेत खार कमी असते. दिवस वर आला आणि खारा वारा सुटला की लेन्सवर मिठाचा पातळ थर धरू लागतो. तो पुसताना काचेवर ओरखडे पडतात. आमच्या धंद्यातला माणूस पहाटे घराबाहेर पडायचा तो या हिशेबाने. सौंदर्यदृष्टी वगैरे नंतरची.

पण हा हिशेब फिल्म आल्यानंतरचा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 साली, म्हणजे रेल्वे सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या हिंदी फोटोग्राफरांपैकी. कॅमेरा आपल्याकडे उशिरा आला असे मुळीच नाही. तरीही पहाटेचा समुद्र त्या काळच्या फोटोंत दिसत नाही, आणि त्याचे कारण रसायनात आहे. तेव्हा काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ती ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि तिथल्या तिथे डेव्हलप करायचा. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटांत, म्हणजे काळोखा तंबू बरोबर हवाच. एवढे करून ती काच निळा उजेड तेवढा पकडणारी. तांबूस-पिवळ्या उजेडाला ती जवळजवळ आंधळी! सकाळच्या ज्या रंगासाठी आज माणसे गजर लावून उठतात, तो तिच्या लेखी नव्हताच. शिवाय आकाश भाजून पांढरे होई आणि लाटा हलल्यामुळे त्यांचे धुके होई. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने 1856-57च्या सुमारास समुद्राचे जे गाजलेले फोटो केले, त्यांतल्या काहींत आकाश एका काचेवरचे आणि पाणी दुसऱ्या काचेवरचे आहे.

मुंबईच्या विल्यम जॉन्सनने हीच युक्ती माणसांवर वापरली. 1863 आणि 1866 साली त्याने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसे एका ठिकाणी उभी करून टिपली आणि त्यांच्या मागे दुसरीकडे टिपलेला देखावा बसवला. पाहणाऱ्याला वाटावे, माणूस आपल्या जागी उभा आहे.

हसू नका. माझ्या स्टुडिओतला पडदा काश्मीरचा होता. निळे तळे, शिकारा, मागे बर्फाचे डोंगर. दारातून चालत निघालात तर विडी संपायच्या आत समुद्रावर पोचाल, अशी जागा; पण समुद्राचा पडदा कधी कुणी मागितला नाही. “तो काय रोजचोच,” म्हणायचे. मासेमारी करणाऱ्या गाबितांच्या वाड्यातली जोडपी लग्नानंतर येत ती काश्मीरपुढे बसत. त्यांच्या घरी फोटो असत ते तीनच प्रकारचे: लग्नाचा, बोटीवर नोकरी धरणाऱ्याचा पासपोर्टचा, आणि वारलेल्या माणसाचा हार घातलेला. होडीवरचा, जाळ्यापाशी कामात असतानाचा फोटो मी क्वचितच कुणाच्या भिंतीवर पाहिला.

फिल्म आली तरी पहाट लगेच हाती लागली नाही. आमच्याकडे घराघरात होता तो अ‍ॅग्फाचा क्लिक-3. एका रोलमध्ये बारा फोटो. शटरचा वेग ठरलेला, आणि उजेडासाठी ऊन आणि ढग यांची चित्रे. पहाटेचे चित्र त्यावर नव्हतेच, कारण तेवढ्या उजेडात तो काही टिपणारच नाही. उटीच्या सरकारी कारखान्यातली ‘इंदू’ फिल्म मिळे, तीही कृष्णधवल. रंगीत रोल महाग. तो लग्नासाठी राखून ठेवायचा. पावसाळ्यात आणखी निराळी लढाई. लेन्सला बुरशी धरू नये म्हणून आम्ही कॅमेरे लाकडी कपाटात ठेवून आत विजेचा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवायचो. वीज गेली की जीव टांगणीला.

आणि खरे सांगायचे तर पहाटे किनाऱ्यावर फिरायला जातो कोण? जुनी घरे पाहा, पुष्कळांचे तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. उजाडताना पुळणीवर दोनच प्रकारची माणसे असायची. एक रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे. दुसरी कोण, ते खेड्यात वाढलेल्याला सांगायला नको. हातात टमरेल असे. फ्रेम धरताना त्यांना टाळणे हीच मोठी कला होती.

हवापाण्यासाठी समुद्रावर जावे ही कल्पना साहेबाची, आणि समुद्रासमोर झोपून सुट्टी घालवावी ही त्याहून नवी. शेजारी गोव्यात 1974 साली ताजने आग्वादच्या किल्ल्याशी बीच रिसॉर्ट उघडले, तिथून हे वारे आमच्याकडे वाहू लागले. पुढे 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली. मालवणजवळच्या तारकर्लीत पर्यटकांसाठी तंबू आणि खोल्या झाल्या. आता पाहुणा मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघतो आणि उजाडताना कॅमेरा गळ्यात घालून पुळणीवर हजर. त्याला समोर काय मिळाले? रापण.

रापण म्हणजे पुऱ्या वाडीचे काम. होडी जाळे सोडत अर्धगोल फिरून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. दोन रांगा दोर खेचत मागे सरकतात आणि हळूहळू एकमेकींच्या जवळ येतात. पाय पुळणीत घोट्यापर्यंत रुतलेले, दोराला अंग टाकलेले. तासभर पाहण्यासारखे फारसे काही नसते. मग शेवटी जाळ्याची झोळी उथळ पाण्यात येते आणि पाणी उकळल्यासारखे होते. बांगडा उसळतो, त्याच्या पाठीवरचे निळसर पट्टे क्षणभर चमकतात, बायका पाट्या घेऊन पुढे होतात. 100 स्पीडच्या फिल्मवर तेवढ्या उजेडात तो बांगडा म्हणजे पांढरी रेघ. माझ्याकडचे रापणीचे चांगले फोटो सगळे दोर खेचणाऱ्या पाठींचे आहेत, कारण त्या जवळजवळ स्थिर असतात.

डिजिटल कॅमेऱ्याने ही अडचण संपवली. आता मोबाइलमध्येही बांगड्याचा खवला दिसतो. पण ज्या वर्षांत फोटो चांगले येऊ लागले त्याच वर्षांत रापणीचा वाटा उतरत गेला. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी थवेच्या थवे किनाऱ्याला लागायच्या आधीच उचलले; 2016 साली राज्य सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, तरी भांडण मिटलेले नाही. इकडे पाहुणे दोर हातात धरून हसत फोटो काढतात आणि सोडून देतात. दोर ओढायला मदत करणाऱ्याला मूठभर मासे द्यायची रीत जुनी आहे. फोटोपुरता दोर धरणाऱ्याला काय द्यायचे, हे रापणकरांनाही कोडेच. एक म्हातारा मात्र सरळ सांगे, “ओढूक येवा, नायतर बाजूक रवा.”

माझे मत विचाराल तर त्याचे बरोबर होते. जॉन्सनने माणसांमागे देखावा चिकटवला. रिसॉर्टच्या माहितीपत्रकांत आम्ही देखाव्यामागे माणसे चिकटवली. त्यात मीही आलो. फोटोतल्या एकाचेही नाव त्या कागदांवर नाही, आणि त्यांतला एकही कागद त्यांच्या घरी गेला नाही.

तेव्हा सुट्टीवर येणाऱ्यांना एवढेच सांगणे. पहाटे जरूर उठा, मतलई वाहते तोवर फोटो काढा, आणि सूर्य पाहायचा असेल तर मागे वळा. रापणीचा फोटो काढण्याआधी विचारा. चांगला आला तर कागदावर छापून घ्या आणि ज्याचा आहे त्याला पोचवा. पत्ता ठाऊक नसला तरी अडत नाही. पुळणीवर फोटो दाखवलात की कुणीही घर दाखवील.