नांदायला येण्याची नोटीस

नोटीस माझ्या नावाची होती, पण आली बाबांच्या पत्त्यावर. मी माहेरी येऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. बाबांनी पाकीट उघडलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाले, "तुला नांदायला बोलावतायत."

कागदावरची भाषा वेगळी होती. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ९, वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. मी वाजवी कारणाशिवाय पतीचा सहवास सोडला आहे, पंधरा दिवसांत परत यावं, नाहीतर दावा दाखल होईल. ज्या माणसानं आठ महिन्यांत माझा एक फोन उचलला नव्हता, त्याला अचानक माझा सहवास हवा झाला होता. वकीलबाईंना नवल वाटलं नाही. "तुम्ही पोटगीचा अर्ज कराल म्हणून आधीच टाकलेली चाल आहे. खूपजण टाकतात."

त्या रात्री झोप लागली नाही. मोबाइलवर 'कलम ९' शोधत बसले आणि शोधता शोधता १८८४ सालात पोचले. तिथेही एक नवरा होता, वकिलाचं पत्र होतं, आणि तेही मुलीच्या सावत्र वडिलांच्या नावानं गेलं होतं.

रखमाबाईंना आलेलं बोलावणं

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. वडील लहानपणीच गेले. त्या सुतार समाजाच्या. त्यांच्यात विधवेला पुन्हा लग्न करता येत असे, म्हणून आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं, पण त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. घरी राहून वाचत, शिकत राहिल्या. दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: माझी बायको मला द्या.

हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून आपल्याकडे आलेला. २१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. जे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांच्यात 'पुनःस्थापना' कशाची करायची? लहानपणी लग्न लावून दिलेल्या मुलीला मोठेपणी तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याकडे पाठवणं त्यांना रानटीपणाचं वाटलं.

निकालावर गदारोळ झाला. टिळकांच्या वृत्तपत्रांनी तो धर्मात केलेला हस्तक्षेप ठरवला. अपिलात निकाल फिरला, खटला पुन्हा चालला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

इथे मी मोबाइल खाली ठेवला होता. कारण त्याच पानावर आणखी एक तपशील होता. हा हुकूम न पाळल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची शिक्षा खुद्द इंग्लंडनं १८८४ मध्येच रद्द केली होती. म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी. लंडनच्या बाईला जी शिक्षा आता देता येत नव्हती, ती मुंबईच्या बाईला देता येत होती.

शेवटी तडजोड झाली. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावण्याचा आग्रह सोडला. पण तो घटस्फोट नव्हता. तसा मार्गच त्या कायद्यात त्यांना नव्हता. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी पुढची कित्येक वर्षं बायकांवर उपचार केले.

आजीची काडी

सकाळी आजीला हे सांगितलं. आजी सातारा जिल्ह्यातली, वय शहाऐंशी. रखमाबाईंच्या धाडसाचं तिला कौतुक वाटलं, पण घटस्फोटाचा मार्ग नव्हता हे काही तिला पटेना. "असं कसं? माझ्या आत्याची काडी मोडली हुती की. मग तिचा पाट लावला वाईकडं. चार पोरं झाली तिला."

आजी बरोबर होती. मराठीत नुसता 'घटस्फोट' नाही. काडीमोड आहे, फारकत आहे, सोडचिठ्ठी आहे. ज्या समाजाकडे एका गोष्टीसाठी इतके शब्द असतात, त्याला ती गोष्ट परकी नसते. कुणबी, धनगर, माळी आणि अशा कितीतरी जातींत पंचांसमोर गवताची काडी मोडून नातं संपवता येत असे, आणि मग बाईचा पाट लागत असे. घटस्फोट आपल्याकडे नव्हताच, तो पाश्चात्त्यांकडून आला, असं जे सांगितलं जातं ते वरच्या जातींचं चित्र आहे. घरोघरचं ते कधीच नव्हतं.

गंमत म्हणजे 'घटस्फोट' हा शब्द मुळात लग्नाचा नाहीच. धर्मशास्त्रात तो पतिताला वाळीत टाकण्याचा विधी आहे. माणूस जिवंत असताना त्याच्या नावानं पाण्याचा घडा फोडायचा आणि तो आपल्याला मेला असं समजायचं. काडीमोडीत दोन माणसं वेगळी होतात. घटस्फोटात एक माणूस मेला असं धरलं जातं. आपण कागदोपत्री कोणता शब्द निवडला, पाहा.

काडीमोड म्हणजे बायकांचं राज्य होतं असंही नाही. अनेक ठिकाणी नवऱ्याची संमती लागे, पंचांना दंड भरावा लागे, घेतलेलं देज परत करावं लागे. पाटाची बायको लग्नाच्या बायकोपेक्षा कमी मानली जाई. आजीच्या आत्याला शेवटपर्यंत कुणी सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं नाही. तेवढं सांगताना आजीचा आवाज उतरला.

तरी बाहेर पडायचं दार होतं. इंग्रजी न्यायालयांनी तेही अरुंद केलं. रूढी पुराव्यानिशी सिद्ध झाली तर ती मान्य होई, पण जातीच्या अधिकाराकडे न्यायाधीश संशयानं बघत. एखादं लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा अधिकार जातीला नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं १८७६ मध्ये सांगितलं. गावानं मान्य केलेला पाट कोर्टात गेला की नवरा जिवंत असताना दुसरं लग्न केल्याचा गुन्हा ठरू शकत होता.

दार पुन्हा उघडलं, कुलूपही ठेवलं

दार उघडण्याची सुरुवात आधी संस्थानांत आणि गोव्यात झाली. पोर्तुगालनं १९१० मध्ये घटस्फोटाचा कायदा केला आणि तो गोव्यातही लागू झाला. त्यात परस्परसंमतीनं वेगळं होण्याची सोय होती. करवीरमध्ये शाहू महाराजांनी १९१९-२० च्या सुमारास काडीमोडीला कायद्याची चौकट दिली. बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा आला. मुंबई प्रांतानं १९४७ मध्ये केला.

देशभरासाठी कायदा करताना मात्र घोडं अडलं. डॉ. आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलावर जो विरोध उसळला, त्यात घटस्फोट हा एक मोठा मुद्दा होता. बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढे त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ ला अस्तित्वात आला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई वारल्या. त्या नव्वदीत होत्या. घटस्फोटाचा कायदा त्यांनी चार महिने पाहिला.

आणि त्याच कायद्यात कलम ९ होतं. त्यांना तुरुंग दाखवणारा दावा स्वतंत्र भारतानं तसाच उचलून ठेवला. इंग्लंडनं तो १९७० च्या कायद्यानं मोडीत काढला, आपण ठेवला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं ते वैध मानलं.

घटस्फोटाचं कलम १३ सुरुवातीला फार तोकडं होतं. क्रूरता किंवा सोडून जाणं ही कारणं तेव्हा फक्त न्यायिक विभक्ततेसाठी चालत, म्हणजे वेगळं राहा पण लग्न कायम. ती घटस्फोटाची कारणं झाली १९७६ च्या दुरुस्तीनं. परस्परसंमतीचं कलम १३-ब त्याच दुरुस्तीतलं. आणि आणखी एक बारीक तरतूद: पंधराव्या वर्षाआधी लग्न लावलेली मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत ते लग्न नाकारू शकते. हे वाचताना मला अकरा वर्षांची नवरी आठवली. तिच्यासाठीची ओळ कायद्यात यायला सुमारे शंभर वर्षं लागली.

माझा खटला

माझ्या बाबतीत पुढे जे झालं ते नाट्यमय नाही. दावा दाखल झाला. आम्ही लेखी कैफियत दिली. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकांसमोर तीनदा बसलो. पहिल्या बैठकीत मी रडले, दुसरीत तो. तिसरीत समुपदेशकांनी विचारलं, "तुम्हाला खरंच एकत्र राहायचंय का?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग नाही म्हणाला. पुढच्या महिन्यात दोन्ही वकिलांनी कन्सेंट टर्म्स तयार केल्या आणि आम्ही १३-ब खाली अर्ज केला. वर्षभर वेगळं राहिलेलं असणं त्यासाठी गरजेचं, ते झालंच होतं. मग सहा महिने थांबायचं. ही मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलंय. आम्ही मागितलं नाही. थांबलो.

हुकूमनाम्याची नक्कल घेऊन घरी आले तेव्हा आजीनं कागद उलटसुलट करून पाहिला. "एवढी पानं? काडी बरी हुती," म्हणाली.

परवा मावसबहिणीचा फोन आला. तिलाही तसंच पाकीट आलंय, तिच्याही बाबांच्या पत्त्यावर. तिला जे सांगितलं ते इथे लिहिते. नोटीस फाडू नकोस, लेखी उत्तर दे. दावा आला तर हजर राहा, नाहीतर एकतर्फी निकाल होईल. का निघालीस ते सांगणारे मेसेज, दवाखान्याचे कागद जपून ठेव, कारण वाजवी कारण होतं हे तुलाच दाखवावं लागेल. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. हुकूम विरुद्ध गेला तरी तुला कुणी उचलून सासरी नेऊ शकत नाही. फार तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. तेवढ्यावरून पोटगीचा हक्कही आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. आणि हुकमानंतर वर्षभर एकत्र आला नाहीत, तर त्याच कारणावर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. नांदायला बोलावणारं कलम असं फिरून बाहेरच्या दाराशी येतं.

तिनं सगळं लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "पण ताई, तुरुंगात तर नाही ना टाकत?"

"आता नाही," मी म्हणाले, आणि तिला रखमाबाईंची गोष्ट सांगायला लागले.