निळू फुले

निळकंठ कृष्णाजी फुले ऊर्फ निळू फुले (१९३० – १३ जुलै २००९) हे मराठी रंगभूमी आणि चित्रपटसृष्टीतील एक श्रेष्ठ चरित्र अभिनेते होते. लोकनाट्य, व्यावसायिक नाटक, मराठी चित्रपट आणि हिंदी चित्रपट अशा चारही क्षेत्रांत त्यांनी सुमारे पन्नास वर्षे काम केले. ग्रामीण खलनायक म्हणून ते सर्वाधिक लोकप्रिय झाले. तथापि त्यांच्या भूमिकांचा आवाका त्याहून पुष्कळ मोठा होता.

प्रारंभीचे जीवन

फुले यांचा जन्म पुण्यात एका सामान्य कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले. याच काळात ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करू लागले. समाजवादी विचार आणि लोकनाट्याची जाण या दोन्ही गोष्टी त्यांना सेवा दलातून मिळाल्या. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या सुमारास त्यांनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य लिहिले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या वगनाट्यातील रोंगे या भूमिकेमुळे त्यांच्याकडे रसिकांचे लक्ष गेले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांचे नाव महाराष्ट्रभर पोहोचवले. अभिनेते राम नगरकर हे त्यांचे कलापथकापासूनचे सहकारी होत.

रंगभूमी

विजय तेंडुलकर यांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक १९७२ मध्ये कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. फुले यांनी त्यात सखारामची भूमिका केली. चंपाच्या भूमिकेत लालन सारंग होत्या. परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपांमुळे नाटकाचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. शिवराळ, हिंस्र, पण स्वतःशी प्रामाणिक असलेला सखाराम फुले यांनी कोणतीही सारवासारव न करता उभा केला.

जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’ नाटकातील अप्पाजी ही भूमिका त्याच्या अगदी उलट टोकाची होती. मुलगा सत्तेच्या शिखरावर पोहोचलेला असताना आपल्या ध्येयवादाची होणारी विटंबना पाहणारा हा वृद्ध गांधीवादी फुले यांनी संयत अभिनयाने साकारला. ज्या अभिनेत्याने सखाराम रंगवला त्यानेच अप्पाजीही रंगवावा, ही गोष्ट त्यांच्या अष्टपैलुत्वाची साक्ष मानली जाते.

चित्रपट

अनंत माने दिग्दर्शित ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटातील झेले अण्णा या भूमिकेने त्यांची चित्रपट कारकीर्द सुरू झाली. पुढे ‘सोंगाड्या’ (१९७१) आणि व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांत त्यांनी काम केले.

जब्बार पटेल दिग्दर्शित आणि तेंडुलकर लिखित ‘सामना’मध्ये त्यांनी हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारसम्राट साकारला. श्रीराम लागू यांनी केलेला मास्तर आणि हिंदुराव यांचा संघर्ष हा या चित्रपटाचा गाभा आहे. गावात भणंग अवस्थेत आलेल्या मास्तराला आश्रय देणारा हिंदुराव अगत्यशील आणि आर्जवी आहे. मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न मास्तर विचारू लागतो तेव्हा त्या आर्जवामागची सत्ता उघडी पडते. १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात हा चित्रपट दाखवला गेला.

अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारित ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये फुले सत्ताधाऱ्यांच्या नव्हे, तर सत्तेचा खेळ पाहणाऱ्या पत्रकाराच्या, दिगू टिपणीसच्या, भूमिकेत दिसले. येथे त्यांना संवादांपेक्षा नजरेतून अधिक बोलायचे होते.

‘चोरीचा मामला’, ‘शापित’ आणि ‘पुढचं पाऊल’ हे त्यांचे अन्य उल्लेखनीय मराठी चित्रपट होत. हिंदीत त्यांनी ‘कुली’ (१९८३), ‘मशाल’ (१९८४) आणि ‘सारांश’ (१९८४) यांत भूमिका केल्या. ‘सारांश’मधील गजानन चित्रे हा राजकीय पुढारी विशेष गाजला. ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ (२००९) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक होय.

अभिनयशैली

फुले यांचा खलनायक क्वचितच आरडाओरडा करतो. खालच्या पट्टीतला घोगरा आवाज, शब्द ओढून बोलण्याची लकब, तिरकी नजर आणि संथ हालचाली यांतून ते दरारा निर्माण करीत. धोतर-टोपीतला पाटील, सरपंच किंवा साखर कारखान्याचा अध्यक्ष प्रेक्षकांना आपल्याच तालुक्यातला वाटे. ग्रामीण भागातील स्त्रिया प्रत्यक्षातही आपल्याला टाळत, असे ते सांगत. ते हीच आपल्या कामाची पावती मानत. आज समाजमाध्यमांवर त्यांच्या आवाजाची नक्कल आणि त्यांच्या नावावर खपवले जाणारे संवाद यांचीच चर्चा अधिक होते. त्यामुळे अप्पाजी आणि दिगू टिपणीस यांसारख्या भूमिका काहीशा झाकोळल्या गेल्या आहेत.

सामाजिक कार्य

पडद्यावर शोषकांच्या भूमिका करणारे फुले प्रत्यक्षात आयुष्यभर शोषितांच्या चळवळींशी जोडलेले राहिले. ‘एक गाव एक पाणवठा’ आणि अंधश्रद्धा निर्मूलन या चळवळींना त्यांनी साथ दिली. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देता यावे यासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यात आला, त्याकरिता त्यांनी श्रीराम लागू आदी कलावंतांसह ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग केले.

पुरस्कार आणि निधन

अभिनयासाठी त्यांना महाराष्ट्र शासनाचे पुरस्कार, तसेच संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९९१) मिळाला. १३ जुलै २००९ रोजी पुणे येथे अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या गार्गी फुले याही अभिनेत्री आहेत.