वय विचारलं की आम्ही दुष्काळ सांगतो

गटाच्या बैठकीत श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरायला बसलं की गाडी एकाच रकान्यापाशी अडते. जन्मतारीख! दोन इयत्ता तरी शिकलेल्या कितीतरी जणींची तारीख 1 जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. शाळेची पायरीच न चढलेल्यांच्या आधार कार्डावर 1 जानेवारी. आमच्यातल्या एका मावशींना कचेरीत सांगितलं, तुमचं साल 1967, तुम्ही बसत नाही. मावशी म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली. लेक पदरात होती." कार्डाचा हिशोब धरला तर तेव्हा त्या पाच वर्षांच्या! साहेब हसले. आम्हाला हसू आलं नाही.

पण हा पेच आपल्यालाच पडला असं नाही. शंभर वर्षांपूर्वी आयर्लंडच्या खेड्यांतही तो पडला होता.

आयर्लंड तेव्हा आपल्यासारखंच इंग्रजांच्या ताब्यात होतं. इंग्रज सरकारने 1908 साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला. 1 जानेवारी 1909 पासून सत्तरी गाठलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पैसे पोस्टात मिळू लागले. (हिंदुस्थानातल्या म्हाताऱ्यांना त्याच सरकारने असं काही दिलं नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.) सत्तर हा आकडा कुणा वैद्याने काढला नव्हता. पासष्ट धरली तर खर्च फार, म्हणून सत्तर. त्याआधी 1889 साली जर्मनीत असा कायदा झाला होता, तिथेही सत्तरच. पण तिथली पेन्शन मजुरीतून हप्ते कापून गेलेल्या कामगाराला. चूल आणि घरचं रान सांभाळलेल्या बाईचे हप्ते कोण भरणार? इंग्रजी कायद्यात हप्त्यांची अट नव्हती, म्हणून पेन्शन घेणाऱ्यांत बायकाच जास्त निघाल्या.

आता वय सिद्ध कसं करायचं? आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली 1864 साली. सत्तरीच्या माणसाचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. मग 1841 आणि 1851 च्या जनगणनेचे कागद धुंडाळायचे, आणि तिथेही नाव सापडलं नाही तर तोंडी पुरावा. तिथे 6 जानेवारी 1839 च्या रात्री भयंकर वादळ झालं होतं, घरांची छपरं उडाली होती. लोक त्याला 'मोठा वारा' म्हणत. पेन्शनचे अधिकारी विचारायचे, मोठा वारा आठवतो का? आठवत असेल तर सत्तरीचे. हिशोब करून बघा, 1909 साली नेमकी सत्तरी गाठलेलं माणूस त्या रात्री फार तर तान्हं असणार. त्याला काय आठवणार? तरी वारा आठवणारे भराभर वाढले. पुढे त्यावर विनोदही झाले. आम्हाला मात्र वाटतं, बटाट्याचं पीक कुजून पडलेला तो मोठा दुष्काळ ज्यांनी लहानपणी काढला, त्यांनी पाच शिलिंगांसाठी एक वारा जास्त आठवला तर बिघडलं काय!

म्हातारपण म्हणजे नुसता आकडा नाही, हे पुढे समाजशास्त्राच्या अभ्यासकांनीही नोंदवलं. पीटर टाउनसेंड यांनी लंडनच्या बेथनल ग्रीन या कामगार वस्तीत 203 म्हाताऱ्या माणसांशी बोलून 1957 साली पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की काम सुटलेला पुरुष घरात हरवल्यासारखा होतो. म्हाताऱ्या बाईचं काम मात्र सुटतच नाही. लेकीची मुलं, स्वयंपाक, आजारपण, सगळं चालूच. हे सांगायला आपल्याला लंडनला जायला नको, पण पुस्तकात आलं ते बरं झालं.

आपल्याकडे केंद्र सरकारची वृद्धांची पेन्शन 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली. महिना 75 रुपये, वय 65. पुढे 2011 साली केंद्राने वय 60 वर आणलं. राज्याच्या श्रावणबाळला मात्र अट 65 चीच. जन्माचा उतारा किंवा शाळेचा दाखला नसेल तर रेशनकार्डावरचं किंवा मतदार यादीतलं वय चालतं. तेही नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला. हे पाठ करून ठेवा, खिडकीवर कुणी आपणहून सांगत नाही.

मावशींचा दाखला आता रुग्णालयातून काढायचा आहे. दरम्यान आम्ही गटात एक वही घातली आहे. 11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप, तेव्हा कोण केवढी होती. 1972, खडी, सुकडी, मिलोची लाल भाकरी, तेव्हा कोणाचं लग्न झालेलं, कोणाला किती लेकरं. पहिल्याच बैठकीत दोघी जावांचं भांडण लागलं. धाकटी म्हणते, भूकंपाच्या पहाटे मी या घरात नांदत होते. थोरली म्हणते, छे, तुला तर आम्ही पुढच्या वैशाखात आणली. वहीत सध्या दोन्ही लिहून ठेवलंय.