कानाचा पहारेकरी

वाचकहो, पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. भांड्यांवर हातोडीचे ठोके पडू लागले, की शेजाऱ्याशी बोलतानाही आवाज चढवावा लागतो. इटलीतल्या व्हेनिस शहरातही तांबटांची अशीच वस्ती होती. रामाझिनी या वैद्याने १७१३ साली तिच्याविषयी लिहून ठेवले : हे कारागीर दिवसभर तांबे ठोकतात, आधी त्यांना कमी ऐकू येते आणि म्हातारपणी ते बहिरे होतात. पुढे १८८६ साली ग्लासगोच्या डॉक्टर टॉमस बार यांनी बॉयलर बांधणारे शंभर कामगार तपासले. त्यांत धड कानाचा एकही निघाला नाही!

तुम्ही म्हणाल, डोळ्याला पापणी आहे, मग कानाला काहीच राखण नाही का? आहे बरे का! मधल्या कानात रिकिबीच्या आकाराचे एक इवलेसे हाड असते. मोठा आवाज झाला की एक चिमुकला स्नायू त्याला ओढून धरतो, आणि आत जाणारा आवाज थोडा कमी होतो. पण हा पहारेकरी उठतो जरा उशिरा. बंदुकीचा बार तोवर आत शिरलेला असतो. आतल्या शंखात सुमारे १५ हजार रोमपेशी असतात. त्यांच्यावरच आपले ऐकणे चालते. त्यांतली मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

तेव्हा माणसाने बोळे केले. १९०७ साली बर्लिनच्या माक्स नेगव्हर यांनी मेण व कापूस यांच्या बोळ्यांचा धंदा काढला. १९७० नंतर, दाबून घातले की कानात फुगणारे, स्पंजासारखे बोळे आले. आवाज अडला खरा; पण माणसांचे बोलणेही भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटू लागले. मग बोळा खिशात जायचा. आणि खिशातला बोळा काय कामाचा?

याचे कारण कानाच्या घडणीतच आहे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. पोकळ बांबूत फुंकर घुमावी, तसे तिच्यात बारीक, उंच स्वर घुमून मोठे होतात. ‘स’, ‘श’ अशी अक्षरे आपण त्यांच्यावरूनच ओळखतो. बोळ्याने नळी बुजली की ही वाढ नाहीशी होते. अमेरिकेतील एल्मर कार्लसन यांनी बोळ्यातच एक बारीक नळी व पातळ पडदा बसवण्याची युक्ती काढली. गेलेली घुमारी अशी परत मिळाली! १९८८ साली निघालेले हे बोळे सगळेच स्वर सारखे, सुमारे १५ डेसिबलने, उतरवतात. वादकांना ते फार सोयीचे झाले. पण कारखान्यातल्या प्रचंड गोंगाटाला एवढी घट पुरेलच असे नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना एवढे जरूर सांगा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, की कान धोक्यात आहे असे समजावे. मळणीयंत्रापाशी कोरडा कापूस कोंबून भागत नाही. तिथे कानात नीट बसणारा बोळाच हवा. दृष्टी मंदावली तर चष्मा निघतो. गेलेल्या रोमपेशी मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाहीत.