दंतपुनर्रचनेतील डिजिटल तंत्र आणि दंतवैद्यकाचा विद्यार्थी : भातसानगर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

डिजिटल दंतपुनर्रचनेविषयी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कितपत ज्ञान आहे व तिच्याकडे ते कोणत्या दृष्टीने पाहतात, हे प्रश्नावलीद्वारे तपासण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अशा प्रश्नावलीत यंत्राची किंमत, अचूकता आणि प्रशिक्षणाची सोय यांना स्थान असते. रुग्णाला किती वेळा यावे लागते, हा प्रश्न गौण ठरतो. वस्तुतः या तंत्राच्या मुळाशी तोच प्रश्न होता, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

फ्रान्समधील फ्रान्स्वा ड्युरे यांनी १९७३ मध्ये आपल्या प्रबंधात दाताचे माप प्रकाशाच्या साहाय्याने घेण्याची कल्पना मांडली. तिला दवाखान्यात आणले ते झुरिक विद्यापीठातील व्हर्नर म्योरमान यांनी. अमाल्गमऐवजी दाताच्या रंगाचे, टिकाऊ भरण रुग्ण खुर्चीवर असतानाच एका बैठकीत बसवावे, हा त्यांचा हेतू. विद्युत अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या सेरेक यंत्रावरील पहिले सिरॅमिक इनले १९८५ मध्ये रुग्णाला बसविले गेले. या पहिल्या यंत्राला दाताचा चावण्याचा पृष्ठभाग घडविता येत नसे. तो दंतवैद्याला रुग्णाच्या तोंडातच हाताने कोरावा लागे. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरताना ‘याचा आता काय उपयोग?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हा तपशील अवश्य सांगावा. संपूर्ण कॅप घडविण्याची क्षमता पुढे १९९४ च्या सेरेक-२ मध्ये आली.

मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. दंतवैद्य कायदा १९४८ चा. या दीर्घ परंपरेत विद्यार्थी शिकला ती रीत म्हणजे दात कापणे, माप घेणे, प्लास्टरचा साचा, मेण, ओतकाम आणि तोवर तात्पुरती कॅप. म्हणजे किमान दोन खेपा.

भातसानगर ही शहापूर तालुक्यातील भातसा धरणाची वसाहत. येथील पाणी मुंबईला जाते. दातांच्या मोठ्या कामासाठी माणसालाही त्याच दिशेने जावे लागते. आधी शहापूर, मग आसनगाव स्थानक आणि पुढे लोकलने कल्याण किंवा ठाणे. मुरबाडकराची वाट एसटीने कल्याणकडे. प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. भातलावणीच्या दिवसांत दुसरी खेप राहून गेली आणि तात्पुरती कॅप निघाली, की कापलेला दात उघडा पडतो. उपचाराने रुग्णाची स्थिती पूर्वीपेक्षा वाईट होते.

यंत्र महाग आहे, हा आक्षेप खराच. मात्र स्वीडनमधील मात्स आंडरसन यांच्या १९८० च्या दशकातील प्रोसेरा पद्धतीने पुढे वेगळी वाट दाखविली : मोजमाप एका ठिकाणी, घडण दूरच्या केंद्रात. स्कॅनर तालुक्याला आणि घडणीचे यंत्र शहरात, अशी विभागणी त्यातून शक्य होते. तीत दुसरी खेप टळत नाही, हे मान्य करावयास हवे. पण ती कल्याणऐवजी शहापूरपर्यंतच होईल, आणि माप बिघडल्याचे रुग्ण समोर असतानाच कळेल.

डिजिटल तंत्र ‘शहरी व खर्चिक’ आहे, असे उत्तर विद्यार्थी प्रश्नावलीत देतो तेव्हा केवळ यंत्राच्या किमतीचा हिशेब त्याच्यासमोर असतो. रुग्णाच्या खेपेचा खर्च त्याला कोणी विचारलेलाच नसतो. तो प्रश्न पुढील पाहणीत घालता येईल, आणि इंटर्नशिपमधील विद्यार्थ्याला तो शहापूरच्या एखाद्या शिबिरात प्रत्यक्ष रुग्णालाच विचारता येईल.