अजिंठ्यात ध्यानाचा माग

छत्रपती संभाजीनगरहून सुमारे १०० किलोमीटरवरच्या अजिंठ्यात बुद्धमूर्ती पुष्कळ आहेत. पण तिथल्या भिक्षूंनी ध्यानात काय अनुभवले, हे लेणी सहजी सांगत नाहीत. २६ क्रमांकाच्या लेण्यातील भिक्षू बुद्धभद्राचा शिलालेख अश्मकाचा अमात्य भव्विराज या मित्राचे स्मरण करतो. तो दानलेख आहे.

या मौनाचे एक कारण विनयात सापडते. न मिळालेली ध्यानावस्था मिळाल्याचे जाणूनबुजून सांगणारा भिक्षू संघाबाहेर जाई. खरी प्राप्तीसुद्धा उपसंपदा न घेतलेल्यांना सांगणे हा दोष होता. गैरसमजातून केलेला दावा मात्र पाराजिक ठरत नसे. म्हणजे साधकाची स्वतःविषयी फसगत होते, हे विनयकारांनी गृहीत धरले होते.

अनुभवाचे वर्णन सामञ्ञफलसुत्तात येते, तेही उपमांनी. पहिल्या ध्यानातील प्रीती-सुख अंगभर मुरते, जसे स्नानचूर्णाच्या गोळ्यात पाणी. दुसऱ्यात वितर्क-विचार शमतात; आतल्या झऱ्याने डोह गारव्याने भरावा तसे. तिसऱ्यात प्रीती ओसरून सुख राहते. पाण्याखालीच वाढणाऱ्या कमळासारखे. चौथ्यात उपेक्षा उरते, डोक्यापासून शुभ्र वस्त्र पांघरल्यासारखी.

अशा अवस्थेला जागा कशी हवी? बुद्धघोषाचा ‘विशुद्धिमग्ग’ (धर्मानंद कोसंबींनी याचे संपादन केले) पाचव्या शतकातला. वाकाटक हरिषेणाच्या काळातील अजिंठ्याची लेणीही त्याच शतकातली. ग्रंथ सिंहलद्वीपाचा, परंपरा वेगळी. तरी ताडून पाहण्याजोगा. ध्यानाला प्रतिकूल विहाराचे १८ दोष तो सांगतो. त्यांत फार मोठा विहार, काम चालू असलेला नवा विहार आणि नावाजलेला विहारही येतो. छिन्नी-हातोड्यांनी घुमणारा हरिषेणकालीन अजिंठा या कसोटीला क्वचितच उतरला असता.

त्यामानाने इसवी सनापूर्वीचे १२ क्रमांकाचे लेणे पाहावे. मध्ये मोकळी जागा, तीन बाजूंना १२ खोल्या, आत दगडी ओटे. ओटे निजण्याचे, त्यांवरून ध्यान सिद्ध होत नाही. पण एकांताची सोय इथे आहे.

पुन्हा २६ क्रमांकाच्या लेण्यात, महापरिनिर्वाणाच्या शिल्पापाशी यावे. महापरिनिब्बानसुत्तानुसार आनंदाला वाटले, भगवंत गेले. अनुरुद्धाने सांगितले, अजून नाही, ते संज्ञा-वेदनानिरोधात आहेत. पुढे बुद्ध पहिल्या ध्यानापर्यंत उतरले, पुन्हा चौथ्यापर्यंत चढले, आणि मग निर्वाण झाले. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसत होत्या. फरक ओळखणारा अनुरुद्ध होता. लेण्यांचा अभ्यासक बहुधा आनंदाच्या जागी उभा असतो.