मोनाझाइट : डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत

केरळमधील नीण्डकरा ते कायमकुळम हा सुमारे २२ किलोमीटरचा किनारा जड खनिजांच्या वाळूसाठी प्रसिद्ध आहे. इल्मेनाइट, रुटाइल व झिरकॉन यांच्यासोबत येथे मोनाझाइट आढळते. सिरियम, लॅन्थेनम, निओडिमियम या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे हे फॉस्फेट असून भारतीय मोनाझाइटमध्ये साधारण ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड व अल्प युरेनियम असते. त्यामुळे ते किरणोत्सारी आहे.

ही खनिजे मूळची दक्षिण सह्याद्रीतील प्राचीन नाइस, चार्नोकाइट अशा खडकांतील. तेथे त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. उष्ण, दमट हवामानात खडक कुजतो आणि फेल्डस्पारची माती होते. मोनाझाइटचे कण मात्र सहसा टिकून राहतात. आखूड, वेगवान नद्या पावसाळ्यात हा गाळ समुद्राला पोहोचवतात. पुढचे काम लाटांचे. क्वार्ट्झची घनता २.६५, तर मोनाझाइटची सुमारे ५. वर चढणारी लाट सर्वच कण आणते. परतणारे क्षीण पाणी हलके कण ओढून नेते आणि जड कण मागे उरतात. सुपात धान्य पाखडावे तशी ही क्रिया हजारो वर्षे चालते.

सगळीच काळी वाळू किरणोत्सारी नसते. मोनाझाइट स्वतः पिवळसर तपकिरी असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळी वाळू मुख्यतः बेसाल्टमधून आलेल्या इल्मेनाइटची आहे. नदी ज्या खडकांतून वाहते, तोच खडक किनाऱ्यावरील खनिज ठरवतो.

त्रावणकोरच्या वाळूतील मोनाझाइट जर्मन रसायनतज्ज्ञ शोमबर्ग यांनी १९०९ मध्ये काथ्याला चिकटलेल्या कणांवरून ओळखले. १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. या पट्ट्यात नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त असला, तरी करुनागप्पळ्ळी येथील रहिवाशांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही.

येथील खरा वाद जमिनीचा आहे. समुद्र व कायल यांच्यामधील चिंचोळ्या आलप्पाड गावाची भूमी खाणकामामुळे नष्ट होत असल्याचा ग्रामस्थांचा आक्षेप आहे. धरणे आणि नदीपात्रांतील वाळूउपसा यांमुळे समुद्राकडे येणारा गाळही घटतो. म्हणूनच किनाऱ्यावरील साठा मोजताना त्याची भरपाई करणाऱ्या नदीचाही हिशेब मांडावा लागतो.